लष्करी ट्रकाचा दुसरा जन्म

अल ऐन हे नाव आपल्या घरांतून पूर्वी फारसे ऐकू येत नसे. 2020 साली इस्राएल आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यात करार झाला. त्याच साली 31 ऑगस्टला लोदच्या विमानतळावरून एल अलचे विमान अबू धाबीला गेले, आणि आपल्या मंडळींनाही तिकडची वाट मोकळी झाली. अबू धाबीपासून सुमारे 160 किलोमीटर आत, ओमानच्या सरहद्दीला लागून असलेले हे खजुरीच्या बागांचे गाव. पाहुण्यांना तेथे जाहिली किल्ला दाखवितात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मातीच्या विटांनी बांधलेल्या या किल्ल्याची कहाणी पुष्कळांनी लिहिली आहे. आम्ही आज लिहिणार आहोत ते सैनिकांच्या ट्रकांविषयी, आणि लढाई संपल्यावर अशा ट्रकांचे पुढे काय होते त्याविषयी.

1951 साली ब्रिटिशांनी शारजा येथे ‘ट्रुशियल ओमान लेव्हीज’ ही पलटण उभी केली. 1952 मध्ये सौदी लोकांनी बुरैमीच्या मरूद्यानात ठाणे मांडले. 1955 च्या ऑक्टोबरात या पलटणीने ते उठविले. पुढच्या साली तिचे नाव ‘ट्रुशियल ओमान स्काउट्स’ झाले आणि जाहिली किल्ल्यात तिचे ठाणे राहिले. त्या काळी या मुलखात आपलाच रुपया चाले. 1959 साली तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. डांबरी रस्ता मात्र नव्हता. पाणी, पीठ, दारूगोळा, सारे वाळूतून आणावे लागे. ते काम लँड रोव्हर आणि बेडफर्डचे लष्करी ट्रक करीत. चारही चाकांना जोर, जमिनीपासून उंच, आणि खाचखळग्यांत पिळवटली तरी न मोडणारी चासी, हे त्या ट्रकांचे गुण.

असे ट्रक लष्कराने मोडीत काढले म्हणजे निरुपयोगी होत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जीएमसी कंपनीने अडीच टनी ट्रक पाच लाखांहून अधिक बनविले. इंग्लंडात एईसी कंपनीने तोफा ओढण्यासाठी ‘मॅटॅडोर’ नावाचे सुमारे नऊ हजार ट्रक दिले. 1945 नंतर ते लिलावात निघाले. जंगलवाल्यांनी ओंडके ओढायला आणि गॅरेजवाल्यांनी मोडक्या गाड्या उचलायला ते घेतले व पाठीवर क्रेन बसविली. पण त्या बहुतेक दोरखंडाच्या आणि विंचच्या क्रेन होत्या.

द्रवाच्या दाबावर चालणारी क्रेन त्याहून जुनी आहे. 1846 साली विल्यम आर्मस्ट्राँग याने न्यूकॅसलच्या धक्क्यावर पाण्याच्या दाबाने क्रेन चालवून दाखविली. मुंबईत 1880 साली प्रिन्सेस डॉक उघडला तेव्हा तेथेही अशाच क्रेन आल्या. मुंबईकर त्यांना यारी म्हणत. मात्र त्या धक्क्याला जखडलेल्या होत्या. ट्रकाच्या इंजिनातूनच जोर घेऊन क्रेन चालवावी ही कल्पना स्वीडनच्या एरिक सुंदीन या स्कीच्या कारखानदाराची. 1944 साली त्याने हिआब कंपनी काढली आणि 1947 मध्ये पहिली ट्रकवरची हायड्रॉलिक क्रेन विकली.

तिची रीत समजायला सोपी आहे. गिअरबॉक्सवरून फिरणारा पंप तेलाला दाब देतो. दर चौरस सेंटिमीटरला 200 किलो दाब असला आणि सिलिंडरचा व्यास 10 सेंटिमीटर असला, तर दट्ट्या पंधरा टनांहून अधिक जोराने रेटतो. एवढी ताकद हाती आली की माणसाला वाटते, आता काहीही उचलू. चूक होते ती येथेच.

आपले पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून घाणे चालवीत. बैल जुंपायचा दांडा लांब असला की थोड्या जोरात घाणा फिरतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. क्रेनमध्ये तोच नियम उलटा बसतो. दोन मीटरवर तीन टन उचलणारी क्रेन सहा मीटरवर एकच टन पेलते. तेथे दांडा आपला नसून ओझ्याचा असतो. तीन टन टांगून हात लांबविला, तर पंप हरत नाही, ट्रकच उलटतो.

लष्करी ट्रकाचे गुण येथे आड येतात. तो उंच, म्हणून लवकर कलंडतो. त्याची चासी मुद्दाम लवचीक केलेली, आणि क्रेनला पाया हवा ताठ. म्हणून चासीवर दुसरी पोलादी चौकट बसवावी लागते. ती पट्ट्या आणि बोल्टांनी आवळावयाची. चासीच्या कडांना भोके पाडली किंवा तेथे वेल्डिंग केले तर चीर तेथूनच सुरू होते. क्रेन केबिनमागे बसविली की पुढच्या आसावर भार वाढतो, तोही मोजावा लागतो. क्रेनचे वजन एक टन असेल, तर तीन टनी ट्रक त्यानंतर दोनच टन माल नेतो. दोन्ही बाजूंचे पाय टेकविल्यावाचून ओझे उचलू नये, कारण टायर आणि स्प्रिंगा दबल्या की तोल जातो.

अल ऐनसारख्या ठिकाणी आणखी सावधपणा हवा. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेल पातळ होते, म्हणून जरा दाट तेल घालावे लागते. वाळूचे कण दट्ट्याच्या दांड्याला ओरखडे काढतात आणि सील गळू लागते. पाय वाळूत रुततात, त्यांच्याखाली जाड फळ्या घालाव्या लागतात. आणि तेलाचा पाइप फुटला तरी हात खाली कोसळू नये म्हणून सिलिंडरपाशीच तेल अडविणारा व्हॉल्व्ह हवा. तो ओझे उचलताना कधी लागत नाही, म्हणून पैसे वाचविणाऱ्याला तोच प्रथम नकोसा वाटतो.

1971 च्या 2 डिसेंबरला अमिरातींचे राष्ट्र झाले आणि स्काउट्सची पलटण नव्या राष्ट्राच्या फौजेत सामील झाली. 2011 साली अल ऐनच्या बागा आणि प्राचीन स्थळे युनेस्कोच्या यादीत आली. मधल्या चाळीस वर्षांत तेथे जे शहर उभे राहिले, त्याच्या भिंती रचणारे हात बहुतांशी परदेशांतून, त्यातही आपल्या हिंदुस्थान-पाकिस्तानातून गेलेल्या मजुरांचे. पोटासाठी देश सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. ओझ्याखाली उभा असतो तो असाच कोणीतरी. दूरच्या घरी त्याच्या पत्राची वाट पाहत असतात.

म्हणून जुना ट्रक घेणाऱ्याने पंपाची ताकद विचारण्याआधी चौकट, पाय आणि तो लहानसा व्हॉल्व्ह पाहावा. लढाईसाठी केलेल्या गाडीला दुसरा जन्म द्यावयाचा, तर त्यात कोणाचा जीव जाऊ नये, एवढे तरी आपण पाहिलेच पाहिजे.