भिंतीवरचें रान

गोंदिया जंक्शनावरून दोन लोहमार्ग दोन दिशांस जातात. एक उत्तरेस बालाघाट, नैनपूर करीत जबलपुराकडे जातो. दुसरा दक्षिणेस अर्जुनी, वडसा, नागभीड ओलांडून चांदा फोर्ट व बल्लारशाह येथें पोंचतो. दोन्ही एके काळीं अरुंद मापाचे होते आणि दोन्ही रानांतून जातात. आज मला ज्या भिंतींविषयीं बोलावयाचें आहे त्या या दोन मार्गांच्या टोकांकडे आहेत. मधल्या आमच्या गांवीं काय घडलें तें शेवटीं सांगेन.

भर वस्तींतल्या इमारतीच्या भिंतीवर गांवकऱ्यांनीं मिळून झाडें, पशु, पक्षी रंगवावयाचे, ही हौस हल्लीं शहरोशहरीं दिसूं लागली आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं ही कल्पना परदेशांतून आली. मेक्सिको देशांत १९२० नंतर दिएगो रिवेरा आदि चित्रकारांनीं सरकारी इमारतींच्या भिंती रंगवून सामान्य जनतेपुढें आपला इतिहास मांडला, हें खरें. परंतु पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम, तेथील वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. त्याच काळांत तेथील भिंती व छतें चित्रांनीं भरून गेलीं. पहिल्या व दुसऱ्या लेण्यांच्या छतांवर कमळें, फळें, हंस, बैल हेच पाहुणे आहेत. तेथील गिलाव्याच्या मातींत धानाचा कोंडा मिसळलेला आहे. झाडीपट्टींतल्या माणसास हें ऐकून हसूं येईल, कारण आमच्या घरच्या भिंतीहि माती व कोंडा कालवूनच लिंपीत असत आणि त्यांत कोणास कांहीं विशेष वाटत नसे.

आतां उत्तरेच्या वाटेनें जाऊं. मंडल्याच्या पुढें, आजच्या दिंडोरी जिल्ह्यांत पाटनगढ नांवाचें गांव आहे. तेथें परधानांची वस्ती मोठी. परधान हे गोंडांचे भाट. बाना नांवाचें तंतुवाद्य वाजवून यजमानाच्या दारीं बडादेवाचीं आणि गोंड राजांचीं आख्यानें गावयाचीं व त्याबद्दल धान्यवस्त्र घ्यावयाचें, हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय. या गांवीं व्हेरियर एल्विन कांहीं वर्षें राहिले होते. त्यांचे सहकारी श्यामराव हिवाळे यांनीं परधानांवर १९४६ सालीं स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हिवाळ्यांचें नांव आमच्या मराठी वाचकांस फारसें ठाऊक नसावें याचें मला नेहमीं वाईट वाटतें.

त्या मुलखांत लग्नकार्य वा सण आला म्हणजे घरच्या बाया अंगण व भिंत सारवून त्यांवर 'दिगना' काढीत. दिगना म्हणजे रेघांचें व चौकटींचें नक्षीकाम. त्याखेरीज भिंतीवर झाडें आणि जनावरेंहि येत. पांढऱ्या रंगास छुईची माती, तांबड्यास गेरू, पिवळ्यास रामरज, काळ्यास कोळसा. पावसाळ्यांत हें सारें धुपून जाई आणि पुढल्या सणास पुन्हां नवें निघे. त्यावर सही कोणी करीत नसे. करावी कोणी? नणंद एक रेघ ओढी, भावजय दुसरी.

१९८१ सालीं भोपाळास भारत भवन उभें राहत होतें. तेथील संग्रहासाठीं चित्रकार जगदीश स्वामीनाथन् यांनीं तरुण कलावंत खेडोपाडीं धाडले. त्यांस पाटनगढांत एका भिंतीवर कांहीं निराळेंच चित्र दिसलें. तें काढणारा जनगढसिंह श्याम हा विशीच्या सुमाराचा परधान तरुण होता. त्यास भोपाळास आणलें. मातीच्या भिंतीवरील बोटाची रेघ त्यानें कागदावर कलमाची केली. ठिपक्याठिपक्यांनीं अंग भरलेले हरिण, पक्षी आणि देव त्याच्या हातून उतरूं लागले. आजवर गाण्यांत असलेल्या कित्येक देवांस त्यानें प्रथमच रूप दिलें. १९८९ सालीं त्याचें काम पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनांत गेलें. पुढें चार्ल्स कोरिया यांनीं रचलेल्या मध्यप्रदेश विधानभवनाच्या भिंतीहि त्यानें रंगविल्या. झोंपडीची भिंत आणि राज्याच्या कायदेमंडळाची भिंत, यांमधील अंतर एका माणसानें पंधरा वर्षांत ओलांडलें!

या कथेचा शेवट मात्र दुःखाचा आहे. २००१ सालीं जपानांतील एका संग्रहालयाच्या निमंत्रणावरून तो तेथें चित्रें काढीत असतां त्यानें आपला जीव दिला. वय चाळिशीच्या आसपास. त्याच्यामागून त्याच्याच नात्यागोत्यांतून चित्रकारांची एक शाखाच उभी राहिली. भज्जू श्याम यांस २०१८ सालीं व दुर्गाबाई व्याम यांस २०२२ सालीं पद्मश्री मिळाली. कलावंतास नांव व मान मिळाला हें उत्तमच झालें. तरी ज्या भिंतीवर चार बायांचे हात एकत्र चालत, ती भिंत आतां सिमेंटची झाली आहे. तिच्यावर छुई धरत नाहीं.

दक्षिणेच्या टोकाची हकीकत लहान आहे. चंद्रपूर व बल्लारशाह या स्थानकांच्या भिंती स्थानिक कलावंतांनीं रंगविल्या. ताडोबाचा वाघ, रान आणि आदिवासी जीवन हे त्यांचे विषय. २०१८ सालीं रेल्वेच्या सुशोभन स्पर्धेंत या दोन स्थानकांस मिळून दहा लाखांचें पहिलें पारितोषिक मिळालें. दुसरें मधुबनी व मदुराई यांस. चित्रें सुबक आहेत. परंतु त्याच जिल्ह्यांत मोहफुलें वा सरपण वेंचावयास गेलेलीं माणसें वाघाच्या तोंडीं पडतात. भिंतीवरचा वाघ पाहून प्रवासी हरखतो. ज्या बाईचा धनी वाघानें नेला ती त्याच भिंतीखालीं गाडीची वाट पाहत बसत असेल, तिला काय वाटत असेल तें चित्रकारास कोणी विचारीत नाहीं.

आमच्या जिल्ह्याचा पक्षी सारस. महाराष्ट्रांत तो आतां मुख्यतः गोंदियांतच उरला आहे. धानाच्या बांदींत नाहींतर बोडीच्या कांठीं तो घरटें करतो आणि बहुधा दोन अंडीं घालतो. विजेच्या तारा, शेतांतलीं विषारी औषधें आणि बुजत चाललेल्या बोड्या यांनीं त्याची संख्या इतकी घटली कीं २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन दखल घेतली.

मी नोकरींत असतां शाळेच्या रस्त्याकडील भिंतीवर मुलांकडून चित्र काढविलें. मीं फळ्यावर एकच सारस काढून दाखविला. मागल्या बांकावरचा, एरवीं तोंड न उघडणारा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, तो एकटा नसते. अन् लाल रंग मानेच्या वरच्या भागालेच असते, खाली नाही." त्याच्या बापानें घरट्याभोंवतालचें धान पिल्लें निघेपर्यंत कापलें नव्हतें, हें मला तेव्हां कळलें. मीं खडू त्याच्या हातीं दिला. भिंतीवर जोडी उतरली, तिच्या पायाशीं बांदीचें पाणी उतरलें. दोन वर्षांनीं दुरुस्ती निघाली आणि मजुरांनीं सगळ्यावर चुना फिरविला. मीं तक्रार केली. उत्तर मिळालें कीं भिंत स्वच्छ दिसावयास हवी.

सेवानिवृत्तीनंतर बाजारांतल्या एका धान्य व्यापाऱ्यानें आपल्या गोदामाची बाजूची भिंत देऊं केली आहे. खालचा अर्धा भाग जाहिरातीसाठीं मोकळा ठेवावा अशी त्याची अट होती. सारसाचे पायच त्या भागांत येतात, तेव्हां तें जमणार नाहीं, असें मीं त्यास सांगितलें. तीन बैठकींनंतर तो वीतभर पट्टीवर राजी झाला. रंग गेरू व छुईचा घ्यावा कीं बाजारचा, यावर आमच्यांत अजून एकमत नाहीं. ती भिंत सिमेंटची असल्यानें बहुधा बाजारचाच घ्यावा लागेल. तो मागल्या बांकावरचा मुलगा आतां स्वतःची शेती करतो. धान घरीं आल्याखेरीज त्यास सवड नाहीं, म्हणून काम दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारीं धरलें आहे. शिड्या दोन मिळाल्या आहेत, तिसरी हवी आहे.