चित्रशाळा आणि यंत्रशाळा

महाडहून पाचाडच्या वाटेनें रायगडावर गेलेला प्रवासी राजसभेंत पोंचला म्हणजे एक प्रयोग हमखास करून पाहतो. एकानें नगारखान्याच्या दरवाजांत उभें राहून हलक्या स्वरांत बोलावें आणि दुसऱ्यानें सिंहासनाच्या जागीं तें ऐकावें. ज्या हिरोजी इंदुलकरानें हा गड बांधला, त्याला आपण कलावंत म्हणावें कीं इंजिनियर? नगारखान्याच्या कमानीचा डौल आणि शब्द दूरवर पोंचविणारी राजसभेची रचना, हीं दोन्ही एकाच कामाचीं अंगें होतीं. जगदीश्वराच्या पायरीवर आपलें नांव कोरून ठेवणाऱ्या त्या पुरुषाला असा प्रश्न कोणी विचारलाही नसता.

हा प्रश्न पुढें उत्पन्न झाला तो शाळांमुळें. इंग्रजी अमदानींत पुण्यास १८५४ सालीं इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, मुंबईस १८५७ सालीं जे. जे. कलाशाळा निघाली, आणि कारागिराच्या एकाच हातांत नांदणाऱ्या दोन विद्या दोन गांवीं राहूं लागल्या. त्यांना पुन्हां एका छपराखालीं आणण्याचा मोठा प्रयत्न एका मराठी राजाच्या संस्थानांत झाला. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवीं जन्मलेल्या सयाजीराव गायकवाड महाराजांनीं १८९० सालीं बडोद्यास स्थापन केलेलें कलाभवन तें हेंच.

त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मूळचे सुरतेचे, आणि विषयानें रसायनशास्त्रज्ञ. शास्त्रीय ज्ञान कारागिराच्या मुलापर्यंत त्याच्या मातृभाषेंतून गेलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह. कलाभवनांत चित्रकला होती, वास्तुशास्त्र होतें, यंत्रविद्या होती, कापड रंगविण्याचें रसायनही होतें. रंगाऱ्याला रसायन कळल्यावांचून रंग पक्का बसत नाहीं, आणि रंगसंगतीची दृष्टि नसेल तर पक्क्या रंगाचेंही कापड कोणी घेत नाहीं. यंत्र घडविणाऱ्यानें तें आधीं कागदावर रेखाटलें पाहिजे. तेव्हां चित्रकला हा फावल्या वेळचा शृंगार नसून डोळ्यांना शिस्त लावणारी विद्या आहे, असा या शिक्षणाचा अर्थ होता. खुद्द गज्जरांच्या हातून रसायनानें शिल्पाची सेवा घडली. मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास १८९६ सालीं डांबर फांसलें गेलें, तें डाग काढून दगड पूर्ववत् पांढरा करण्याचें काम त्यांनींच यशस्वी केलें.

शाळेचा खरा गौरव मात्र तिच्या विद्यार्थ्यांवरून ठरतो. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे जे. जे. मधून बडोद्यास आले. तेथें त्यांनीं चित्रें काढलीं, मातीचे नमुने घडविले, वास्तुरचना अभ्यासिली आणि फोटोग्राफीच्या प्रयोगशाळेंत कांचा धुतल्या. पुढें १९१२ सालीं त्यांनीं वाटाण्याचें रोप कॅमेऱ्यासमोर ठेविलें, आणि दिवसांमागून दिवस थोडीं थोडीं चित्रें टिपून अंकुराची वाढ पडद्यावर मिनिटाभरांत करून दाखविली. तो वनस्पतिशास्त्राचा पाठ होता कीं कलाकृति? तो पाहूनच त्यांना भांडवल मिळालें, आणि १९१३ सालीं मुंबईंत ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें आला. पडदे रंगविणें, कॅमेरा चालविणें, फिल्म रसायनांतून काढणें, हीं सारीं कामें ज्याला स्वतः येत होतीं, अशाच पुरुषाकडून हें होणें शक्य होतें.

१९४९ सालीं बडोद्यास विद्यापीठ स्थापन झालें. कलाभवन त्यांतील तंत्रज्ञान व अभियांत्रिकीची शाखा बनलें, आणि ललितकलांची शाखा १९५० सालीं निराळी उभी राहिली. दोन्ही शाखांनीं नांव मिळविलें. परंतु एका छपराखालचा संसार विभक्त झाला, हेंही खरें.

आतां पुन्हां आपल्या सावित्रीकांठीं येऊं. महाडहून मुंबईच्या रस्त्यानें निघालें कीं लोणेरें लागतें. तेथें १९८९ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नांवानें तंत्रशास्त्राचें विद्यापीठ स्थापन झालें. कलेची जोड देऊन सर्व विषय शिकवावेत, असें २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंही सांगितलें आहे. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाहीं. २०१६ च्या ऑगस्टांत महाडपाशीं सावित्रीवरील जुना पूल पुरांत कोसळून माणसें वाहून गेलीं. २०२१ च्या जुलैंत महाड पाण्याखालीं गेलें आणि तळियें गांवावर डोंगर उतरला. ज्या प्रदेशांत नदी आणि डोंगर असे वागतात, तेथील मुलांना दृष्टि हवी, आणि ती नुसत्या सूत्रांनीं येत नाहीं. पोलादपुरच्या घाटांतील जो मुलगा समोरचा उतार पेन्सिलीनें मन लावून रेखाटतो, त्यानें तो उतार खरोखर पाहिलेला असतो. पुढल्या पावसाळ्यांत त्यांत पडलेली भेग प्रथम त्याच्याच लक्षांत येण्याचा संभव अधिक. मग सूत्रें त्याच्या कामास येतील.

म्हणून आपल्या गांवच्या शाळेंत चित्रकलेचा तास वेळापत्रकांतून गाळण्याची भाषा निघेल, तेव्हां श्रोतेहो, कलाभवनाची आठवण करा, आणि तितकें लांब जाववत नसेल तर एकवार रायगड चढून या.