आमच्या पणजीचे नाव

मंडळाच्या स्मरणिकेसाठी घराण्याच्या इतिहासावर लिहावे, असे मला सांगण्यात आले, तेव्हा प्रथम हसू आले. आमच्यासारख्या कास्तकाराच्या घराला कसला आला इतिहास! मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ साली चांदा जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा अहवाल लिहिला, त्यात गोंड राजांची परंपरा आली. आमच्या वाडवडिलांची परंपरा कोण लिहिणार?

परंतु माझ्या भावावर ती शोधण्याची वेळ आली. जंगलालगतचा एक तुकडा आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या कसत आले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, आदिवासी नसलेल्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. सारांश, कागद १९३० च्या आधीचा हवा.

आता हा कागद शोधावा कोठे? गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यापूर्वीचे सारे दप्तर चांदा जिल्ह्याचे. गडचिरोली तहसीलही १९०५ ची. त्याआधी हा मुलूख ब्रह्मपुरी आणि चांदा तहसिलींत होता. म्हणून शोध घेणाऱ्याने आधी गाव त्या काळी कोणत्या तहसिलीत होते ते पाहावे.

मालगुजारी व जमीनदारी १९५१ साली संपली. त्यानंतरच्या १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात आजोबांचे नाव त्यांच्या वडिलांच्या नावासह सापडले. त्यामागे जायला आधार उरला कोतवाल बुकाचा. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यात देई आणि तेथे ती लिहिली जाई. त्यामुळे नाव कानावर पडेल तसे लिहिलेले असते आणि तारीख कधी जन्माची, तर कधी वर्दीची असते.

आम्हांला मिळालेली नोंद एप्रिल १९२६ ची. बापाचे नाव, जात, गाव, आणि 'मुलगा' एवढेच. बाळाचे नाव नाही, आईचे तर नाहीच. पणजोबांच्या नावाचे गावात दोघे होते आणि जातही एकच. मग हा मुलगा कोणाचा? भाऊ डोक्याला हात लावून बसला.

ही गाठ सोडवली आमच्या थोरल्या आत्याने. तिला अक्षरओळख नाही, पण तिची आजी तिला सांगत असे, "तुझा बाप मोहाच्या दिवसांतला. पहाटे टोपली घेऊन निघाले होते, ती अर्ध्या वाटेतून परतले." मोह वेचण्याचे दिवस म्हणजे मार्च-एप्रिल! त्या नावाच्या दुसऱ्या गृहस्थांचे लग्नच त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाले, हेही आत्यानेच सांगितले. कायद्याच्या नियमांत जुन्या नोंदीतील माणसापर्यंत पोहोचणारी वंशावळ हा पुरावा मानला आहे, आणि दावेदाराव्यतिरिक्त वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही. एकाहून अधिक पुरावे लागतात. म्हणून आत्याचा जबाब लिहून घेतला व तिने अंगठा उठवला. दावा अद्याप समितीपुढे आहे.

त्या दिवशी मी आत्याला विचारले, "आजीचे नाव काय गं?" तिने सांगितले, आणि मला लाज वाटली. जिच्या एका आठवणीवर आमचा दावा उभा होता, तिचे नाव आजवर मला ठाऊक नव्हते!

जुन्या दप्तरात बायकांची नावे नाहीतच, असे मात्र नाही. १८५८ च्या उठावाच्या हकीकतीत अहेरीच्या लक्ष्मीबाईंचे नाव आहे. कारण जमीनदारी त्यांच्या हाती होती. जमिनीशी नाव जोडले गेले, तरच बाईचे नाव कागदावर राहते, हेच खरे. वनहक्काचा पट्टा आज पतिपत्नी दोघांच्या नावे करण्याची तरतूद आहे. भगिनींनो, तो हाती येईल तेव्हा त्यावर आपले नाव आहे ना, ते आधी वाचून घ्या.

आणि आणखी एक करा. या दिवाळीला माहेरी जाल, तेव्हा एक वही न्या. आजी, आत्या, मावशी यांच्याजवळ बसून नावे लिहून घ्या. बापांची तशी आयांची, त्यांच्या माहेरच्या गावांसुद्धा. आमच्या घरच्या वंशावळीत पणजोबांच्या शेजारी पणजीचे नाव आता लिहिले आहे. ते माझ्या भाचीने तिच्या सुंदर अक्षरात लिहिले.