आधी चित्र, मग गोष्ट

चित्र म्हणजे मजकुराची सजावट, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. ‘डार्क सन’ने तो समज मोडला.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४चा. मित्रांनी टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि तोंडी गोष्ट रचत जायची. ‘टीएसआर’ या अमेरिकी कंपनीने १९९१मध्ये त्यासाठी ‘डार्क सन’ हे नवं जग काढलं. तिथे ब्रॉम हा तरुण चित्रकार मजकुराची वाट न बघता चित्रं काढत सुटला आणि लेखकांनी त्यातली माणसं, कल्पना गोष्टीत ओढून घेतल्या. जग उभं राहिलं ते रखरखीत : धातू दुर्मीळ म्हणून हाडांची शस्त्रं, आणि जादू केली की भोवतालच्या हिरवाईची राख.

मीही मित्रांसाठी असे खेळ लिहितो. पूर्वी राजघराण्यांच्या वंशावळी वाचून दाखवायचो. दुसऱ्या पानाला सगळे मोबाइलमध्ये. आता एक चित्र पुढे ठेवतो आणि विचारतो, हिच्या हातात हाडाची तलवार का? उत्तरांची झुंबड उडते.

ती चित्रं नेटवरून येतात. म्हणून पहिल्या पानावर माझ्या नावाआधी चित्रकाराचं नाव असतं. गोष्ट त्याने सुरू केलेली असते.