ओतीव शिशाच्या गोळीची कठिणता

वितळलेले शिसे साच्यात ओतून तयार केलेली गोळी किती मऊ किंवा किती कठीण असावी, हे दारूचा दाब, गोळीचा वेग आणि नळीतील तिची बसणी यांवरून ठरते. हाताने काडतुसे भरणारे नवशिके ‘जितकी कठीण तितकी चांगली’ असे धरून चालतात. हा समज चुकीचा आहे. मऊ शिसे कोठे उपयोगी पडते आणि कोठे कमी पडते, या दोन्हींची उदाहरणे कोलकात्याजवळच्या बराकपूर–दमदम परिसराच्या इतिहासात आहेत.

शुद्ध शिसे ३२७° से. तापमानाला वितळते. त्याचा ब्रिनेल कठिणता अंक सुमारे ५ असून त्यावर नखाने ओरखडा उठतो. वीस भाग शिशात एक भाग कथील मिसळल्यास हा अंक १० च्या आसपास जातो. कथिलामुळे साचाही नीट भरतो. कठिणता वाढवण्यास मात्र अँटिमनी अधिक प्रभावी ठरते. ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी या मिश्रधातूचा अंक सुमारे १५, तर जुन्या छापखान्यांतील लायनोटाइप यंत्राच्या धातूचा सुमारे २२ असतो. अँटिमनीयुक्त गोळी ओतल्यानंतरही काही दिवस कठीण होत राहते. त्यामुळे ताज्या गोळीचे मापन फसवे ठरते.

बार उडाला की वायूच्या दाबाने गोळीचा तळ किंचित फुगून नळी बंद करतो. दाबाच्या मानाने गोळी फार कठीण असेल तर तळ फुगत नाही. गरम वायू कडेने निसटतो, शिसे वितळवतो आणि नळीत त्याचा थर बसतो. उलट, गोळी फार मऊ असेल तर नळीतील पीळदार खाचा तिला फिरवू शकत नाहीत; ती सोलवटून सरळ घसरते आणि नेम बिघडतो.

१८५३ च्या नमुन्याची एनफील्ड ही ठासणीची रायफल मऊपणावरच अवलंबून होती. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. शुद्ध शिशाची, पोकळ तळाची ही गोळी गजाने सहज आत सरके आणि बार होताच फुगून खाचांत बसे. कठीण मिश्रधातूची गोळी येथे निकामी ठरली असती. नळीत साचणारी काजळी हिंदुस्थानच्या हवेत ठासणीला अडथळा आणी. म्हणून पुढे गोळीचा व्यास ०.५५० इंचांवर आणला गेला. शिसे तेवढे फुगू शकत होते, म्हणूनच हे शक्य झाले. गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लागे ते ठासणी सुलभ व्हावी आणि काजळी मऊ राहावी यासाठी. या वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याची वार्ता जानेवारी १८५७ मध्ये दमदमहून बराकपूरच्या छावणीत पोहोचली. २९ मार्चला ३४ व्या पलटणीतील मंगल पांडे यांनी तेथे शस्त्र उचलले. ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. चरबीविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. ती ज्या मऊ गोळीच्या रचनेमुळे लागली तिच्याकडे त्या मानाने लक्ष गेलेले नाही.

धूरविरहित दारू आल्यावर गणित बदलले. .३०३ रायफलीत गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २,००० फुटांवर गेला. तो नुसत्या शिशाला पेलेना, म्हणून गोळीवर तांबे–निकेलचे कवच चढले. पूर्ण कवचाची गोळी शरीरातून आरपार जाते, पण माणसाला थांबवत नाही, अशी तक्रार झाल्यावर दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी बनवली. आघाताने पसरणाऱ्या अशा गोळ्यांवर १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात बंदी घातली.

हातभरणीत कमी दाबाच्या रिव्हॉल्व्हरसाठी ८ ते १२, तर जोरदार भरणीसाठी १५ च्या पुढचा अंक सामान्यतः धरतात. मात्र आधी व्यास पाहावा. खाचांच्या व्यासाहून गोळी साधारण ०.००१ इंच मोठी नसेल तर योग्य मिश्रधातूही नळी शिशाने माखवते. कठिणता वाढवून ढिली बसणी सुधारत नाही.

बराकपूरजवळच्या इशापूर रायफल कारखान्यात नागरी वापराच्या .३१५ रायफली बनत आल्या आहेत. तथापि, त्यांच्यासाठी काडतुसे स्वतः भरता येतील असे नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा भारतात गुन्हा आहे.