सरोवरांच्या तापमानाच्या दीर्घकालीन नोंदी : संकलन आणि पडताळणी

सरोवरातील पाण्याचे तापमान एकाच ठिकाणी, ठरावीक खोलीवर आणि नियमित अंतराने अनेक दशके मोजल्यास हवामान बदलाचा विश्वसनीय पुरावा उपलब्ध होतो. रशियातील सैबेरिया प्रदेशातील बैकल सरोवराच्या नोंदी हे याचे महत्त्वाचे उदाहरण आहे.

बैकल हे जगातील सर्वांत खोल सरोवर असून त्याची कमाल खोली १,६४२ मीटर आहे. युनेस्कोने १९९६ मध्ये त्याचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. इर्कुत्स्क येथील शास्त्रज्ञ मिखाइल कोझोव्ह यांनी १९४०च्या दशकाच्या मध्यास येथे नियमित नोंदींना प्रारंभ केला. त्यांच्या पश्चात कन्या ओल्गा कोझोवा आणि त्यानंतर नात ल्युबोव्ह इझमेस्तेवा यांनी हे कार्य पुढे चालविले. साधारणतः दर सात ते दहा दिवसांनी, किनाऱ्यापासून सुमारे पावणेतीन किलोमीटर अंतरावर, वेगवेगळ्या खोलीवरील तापमान मोजण्यात येत असे. हिवाळ्यात सरोवर गोठल्यावरही बर्फाला छिद्र पाडून मोजमाप केले जाई. या नोंदींच्या आधारे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९४६ पासूनच्या सुमारे ६० वर्षांत पृष्ठभागालगतच्या पाण्याचे सरासरी तापमान १.२१ अंश सेल्सिअसने वाढले.

ही वाढ सूक्ष्म असल्याने नोंदींची पडताळणी अत्यावश्यक ठरते. जगातील २३५ सरोवरांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हाळ्यातील पृष्ठभागाचे तापमान १९८५ ते २००९ या काळात दर दशकाला सरासरी ०.३४ अंशाने वाढल्याचे आढळले. म्हणजेच तापमापकात दोन-तीन दशांश अंशांचा दोष असला, तरी त्यातून अनेक वर्षांच्या तापमानवाढीचा आभास निर्माण होऊ शकतो.

त्यामुळे तापमापक वेळोवेळी प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिला जातो. नवे उपकरण वापरात आणताना जुने आणि नवे काही काळ बरोबरीने वापरून त्यांतील फरक नोंदविला जातो. मोजमापाची वेळही लिहून ठेवणे आवश्यक असते, कारण दुपारी पृष्ठभाग सकाळपेक्षा उबदार असतो.

पडताळणीत निसर्गनियमांचाही उपयोग होतो. गोडे पाणी सुमारे ४ अंशांना सर्वाधिक घन असते. त्यामुळे उन्हाळ्यात उबदार पाणी वर राहते, तर हिवाळ्यात बर्फाखालील थर अधिक थंड असतो. याच्या विपरीत आकडे दिसल्यास खोलीचे रकाने उलटले गेले किंवा नक्कल करताना अंक चुकले, अशी शंका घेऊन मूळ वही तपासली जाते. मात्र संशयास्पद नोंद पुसून टाकली जात नाही, तर तिच्यापुढे खूण केली जाते. जोरदार वाऱ्यामुळे खोलवरचे थंड पाणी वर येते, तेव्हा तापमानातील आकस्मिक घट खरीही असू शकते. गहाळ नोंदींच्या जागी अंदाजित आकडे घातल्यास तेही स्वतंत्रपणे दर्शविले जातात.

उपग्रहांमुळे आता दुर्गम सरोवरांचे तापमानही मोजता येते. तथापि, अवरक्त किरणांद्वारे केवळ पाण्याच्या अत्यंत पातळ पृष्ठथराचे तापमान कळते आणि ढगांमुळे त्यात अडथळा येतो. खोलवरील बदल समजण्यासाठी आणि उपग्रहीय आकडे तपासण्यासाठी प्रत्यक्ष सरोवरातील मोजमाप आवश्यकच राहते. एखाद्या वर्षाची राहून गेलेली नोंद पुन्हा घेता येत नाही. म्हणूनच मोजमापातील सातत्य आणि मूळ नोंदवह्यांचे जतन या दोन्हींना सारखेच महत्त्व दिले जाते.