रोडगा, गोरसपाक आणि कुकरमधला केक

मराठी पाकशास्त्राच्या छापील इतिहासाचा आरंभ १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्र' या पुस्तकापासून मानतात. त्यानंतर लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' आले आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा'. 'रुचिरा'ने वाटीचे माप घरोघर पोहोचवले. या परंपरेचे ऋण मोठे आहे. परंतु तिच्यात दोन उणिवा मला नेहमी जाणवतात. एक म्हणजे तिचे भौगोलिक केंद्र मुंबई, पुणे, बडोदे, फार तर सांगली असे राहिले. वऱ्हाड-नागपूरकडच्या खेड्यातील चूल तिच्या नजरेच्या टप्प्यात क्वचितच आली. दुसरी अशी की पदार्थांची वर्गवारी प्रामुख्याने जिन्नसावरून झाली, खाणाऱ्याच्या वयावरून नव्हे. घरातल्या पोरांना काय आवडते, हा प्रश्न आपल्या पाकशास्त्राला फार उशिरा पडला. मुलांना तो कधीच पडला नव्हता. त्यांना उत्तर ठाऊक होते.

या दोन्ही उणिवांचा विचार करण्यासाठी मी आंजी (मोठी) हे गाव डोळ्यांसमोर ठेवतो. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. काळी जमीन, कापूस, तूर आणि गेल्या काही दशकांत सोयाबीन. सरकारी कागदांत कंसातले 'मोठी' न चुकता लिहितात, बोलताना ते कोणी उच्चारत नाही. येथील स्वयंपाकाला स्वतंत्र असे काही नाव नाही. सबंध वर्धा जिल्ह्याचा तोच स्वयंपाक. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, वांग्याची भाजी, सणाला पुरणपोळी, पाहुणा आला की वडाभात किंवा गोळाभात. उन्हाळ्यात कुरड्या, शेवया आणि सरगुंडे. सरगुंडे म्हणजे काडीवर गुंडाळून वाळवलेली कणीक. आमरसाबरोबर ते खाताना मुलांची जी तन्मयता असते ती परीक्षेच्या दिवसांत पाहावयास मिळत नाही.

परंतु माझा विषय भाजण्याचा आहे. मराठी घरात भट्टी नव्हती, म्हणून भाजलेला पदार्थ आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आला, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. पाव गोव्यातून पोर्तुगिजांबरोबर आला हे मान्य. मात्र मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोले खाली-वर निखारे ठेवूनच भाजले जाई, आणि विदर्भाचा रोडगा तर भट्टीची वाटच पाहत नाही. एकनाथांच्या प्रसिद्ध भारुडात भवानीआईला नवस बोलला जातो तो रोडग्याचा, म्हणजे हा पदार्थ सोळाव्या शतकातही लोकांच्या तोंडी होता. तो एकनाथांच्या पैठणचा रोडगा आमच्या रोडग्यासारखाच होता की नाही, हा वाद भाषाभ्यासकांसाठी सोडून देऊ.

आमच्याकडचा रोडगा असा. गहू थोडा जाडसर दळायचा. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून कणीक घट्ट भिजवायची. लहान पुऱ्या लाटून एकीवर एक तेल लावून रचायच्या आणि सगळ्या एका मोठ्या पोळीत मिटून गोळा वळायचा. शेतात किंवा अंगणात गोवऱ्या पेटवायच्या. ज्वाला शमून लाल विस्तव उरला की त्यात गोळे पुरायचे आणि अधूनमधून फिरवायचे. बाहेरून करपट डाग पडले, आतून पापुद्रे सुटले, की रोडगा कापडात धरून राख झटकायची, तो फोडायचा आणि त्यावर तूप सोडायचे. सोबत तुरीचे वरण व वांग्याची झणझणीत भाजी. पानगा याहून साधा: कणकेची जाड चानकी पळसाच्या दोन पानांत धरून विस्तवावर ठेवायची. पानाच्या शिरांचा ठसा तिच्यावर उमटतो, आणि तो ठसा पाहण्यासाठी पोट्टे चुलीभोवती दाटी करून बसतात. भाजी त्यांना तिखट लागते. म्हणून त्यांच्या वाट्याचा रोडगा कुस्करून त्यात गूळ आणि तूप घालतात. मुलांसाठी वेगळा पदार्थ न करता मोठ्यांच्याच पदार्थाला शेवटच्या क्षणी गोड वळण द्यायचे, ही युक्ती मला कोणत्याही पाककृतीपेक्षा शहाणपणाची वाटते.

रोडग्याविषयी आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तो बरेचदा पुरुष करतात. मारुतीचा नवस असो की शेतातली पार्टी, गोवऱ्या रचणे, कणीक तिंबणे, विस्तव सांभाळणे ही कामे गावातले बाप्ये हौसेने अंगावर घेतात आणि नंतर वर्षभर त्याबद्दल बोलतात. रोजची भाकरी थापणाऱ्या हातांबद्दल असे कोणी बोलत नाही. 'सोपा स्वयंपाक' हा शब्दप्रयोग आज फार ऐकू येतो. तेव्हा तो कोणासाठी सोपा, हे विचारणे भाग आहे. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की घरची बाई सकाळीच वावरात निघते. तिच्या लेखी सोपे म्हणजे कमी सरपण, कमी पाणी आणि कमी वेळ. रात्रीची भाकरी कुस्करून कांद्याच्या फोडणीवर परतायची. कणीक भाजून चिंचेच्या पाण्यात उकडपेंडी करायची. ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर द्यायच्या. ही सगळी मुलांना आवडणारी खाणी आहेत, पोट भरणारी आहेत आणि वीस मिनिटांत होतात. ती छापील पुस्तकांत फारशी आली नाहीत, कारण ती 'पदार्थ' आहेत असे त्या करणाऱ्यांनाही वाटले नाही.

आता बिस्किटाकडे वळू. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींसमोर चहा आणि बिस्किटे ठेवली गेली. गोपाळराव जोशी यांनी घडवून आणलेला हा प्रसंग, त्यातून उठलेले ग्रामण्य, न्यायमूर्ती रानड्यांनी घेतलेले प्रायश्चित्त आणि लोकमान्य टिळकांचा युक्तिवाद हे सारे सुपरिचित आहे. चर्चा नेहमी चहाची होते. मला त्या बशीतल्या बिस्किटाचे कुतूहल वाटते. कोणी भाजले, कशात भाजले, त्यात कोणती चरबी होती, हे खाणाऱ्याला ठाऊक नसते. आणि जे ठाऊक नाही ते विटाळाचे. तेच बिस्कीट पुढे दोन-तीन पिढ्यांत सोवळ्या घराच्या डब्यात कसे शिरले?

वर्ध्यापुरते तरी एक उत्तर सापडते. जमनालाल बजाजांनी आपले अखेरचे महिने गोसेवेला वाहिले. १९४१ साली गोसेवा संघ स्थापन झाला आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले. आर्वीकडचा हा पट्टा मुळात गवळाऊ गाईंचा, त्यामुळे या कार्याला येथे पाया होताच. या गोसेवेच्या परंपरेत वर्ध्याचे गोरस भांडार वाढले आणि त्याच्या गोरसपाकाने जिल्ह्याच्या बाहेरही नाव मिळवले. गव्हाचे पीठ, साखर आणि गाईचे तूप एवढ्यावर उभे असलेले हे खुसखुशीत बिस्कीट. त्याला 'बिस्कीट' न म्हणता 'पाक' म्हटले गेले, यात मला मोठी मौज वाटते. गाईच्या तुपाने आणि एका संस्कृत शब्दाने बिस्किटाचा विटाळ फेडला, असे माझे अनुमान आहे. आर्वीच्या एसटीत बसताना नातवंडांसाठी गोरसपाकाचा पुडा घेणाऱ्या आजोबांना अर्थातच यातले काही जाणवत नसे.

गांधीजींचा या गोष्टीशी आणखी जुना संबंध आहे. जोहान्सबर्गच्या घरी त्यांनी सात पौंडांना हातजाते विकत घेतले होते. ते एकट्याला फिरवता येत नसे, दोघे लागत. पोलक, स्वतः गांधी आणि घरातली मुले ते ओढीत आणि त्या कोंड्यासकटच्या पिठाची, खमीर न घालता, घरीच भाकर भाजली जाई. पुढे १९१० मध्ये टॉलस्टॉय फार्मवर हाच प्रयोग मोठ्या कुटुंबाच्या प्रमाणावर झाला. तेथे भुईमूग भाजून वाटून त्याचे लोणी करीत आणि संत्र्यांचा मुरंबा. दळणे, भाजणे आणि खाणे या तिन्हींत मुलांना ओढायचे, ही कल्पना सेवाग्रामला नयी तालीमच्या रूपाने परत आली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि आर्यनायकम् व आशादेवी यांनी सेवाग्रामची शाळा उभी केली. तेथे स्वयंपाकघर हाही एक वर्ग होता. किती माणसे, किती धान्य, किती खर्च हा हिशेब म्हणजे गणिताचा तास. आंजीपासून हे सारे बसच्या अंतरावर घडत होते. खेड्यांतल्या नेहमीच्या शाळांनी मात्र त्यातले स्वयंपाकघर कधी उचलले नाही.

१९३५ मध्ये मगनवाडीत गांधीजींनी आणखी एक गोष्ट करून पाहिली होती. स्वस्त आणि पौष्टिक म्हणून सोयाबीन आश्रमाच्या पंक्तीत वाढले गेले, 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले गेले. आज आंजीच्या शिवारात सोयाबीनच सोयाबीन आहे. ते तेलगिरणीला जाते. आश्रमाने जे ताटात वाढू पाहिले ते शेतात आले आणि ताटाला वळसा घालून गेले. ज्या जमिनीवर ते पेरले जाते तिच्यावर पूर्वी ज्वारी डुलत असे. ज्वारी मागे हटण्याला इतरही कारणे आहेत. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू आला, दुष्काळात रेशनवर लाल मिलो आली, १९७२ साली दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. ती सुकडी चाखलेली मुले आज आजोबा-आजी झाली आहेत. तिच्या चवीबद्दल त्यांच्यात एकमत नाही, पण ती भुकेला उपयोगी पडली याबद्दल आहे.

घरगुती केकचा इतिहास याहून अलीकडचा, आणि कागदावर तर जवळजवळ नाहीच. आमच्या पिढीने आधी पाहिली ती बेकरीवाल्याची मेहेरबानी. उन्हाळ्याच्या सुटीत किंवा दिवाळीआधी मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन तालुक्याच्या बेकरीत जायचे, नंबर लावायचा आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणायची. सामान आपले, भट्टी त्याची. पंचहौदच्या बशीतल्या बिस्किटाला जो प्रश्न होता तो येथे आपोआप मिटला होता, कारण आत काय आहे हे आई जाणत होती. पुढे गावात गॅस आला आणि कुकरच भट्टी झाला. तळाशी वाळू किंवा जाड मीठ, झाकणाची रिंग आणि शिटी काढून ठेवलेली, मंद आचेवर पाऊण तास. अंड्याऐवजी दही आणि सोडा. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद, बेकऱ्या बंद आणि वाढदिवस मात्र चालू, अशा स्थितीत बिस्किटांच्या चुऱ्याचा केक खेडोपाडी पोहोचला. मोबाईलवरून शिकून तो करणाऱ्यांत माझ्या वर्गातल्या मुलीही होत्या. त्यांतल्या एकीने मला सांगितले की तिच्या आजीने वाळूत भाजलेला केक पाहून विचारले, 'हा बिना गोवरीचा रोडगाच ना वं?' आजीबाईंचे हे निरीक्षण तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. झाकलेली, कोरडी, सर्व बाजूंनी येणारी ऊब हे दोहोंचे तत्त्व एकच.

फरक पोषणाचा आहे, आणि तेथे विषय गंभीर होतो. आंजीचे प्राथमिक आरोग्य केंद्र सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कार्यक्षेत्रात येते. तेथील बालकांच्या आहारावर आणि कुपोषणावर या संस्थेतील डॉक्टरांनी सातत्याने लिहिले आहे. २००३ ते २००८ या काळात आंजीसह तीन केंद्रांच्या गावांत बालआरोग्याचा मोठा लोकसहभागी उपक्रमही चालला. ज्या गावात तूर, भुईमूग आणि दूध पिकते त्या गावातले मूल पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर दुपार काढते, हे कोडे केवळ गरिबीने सुटत नाही. वेचणीला गेलेल्या आईच्या वेळेचा हिशेब त्यात धरावा लागतो. तो पुडा तिला परवडतो म्हणून नव्हे, तो शिजवावा लागत नाही म्हणून घरात येतो.

शाळेने हा भार काही अंशी उचलला. १९९५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले, आणि 'शाळेतली खिचडी' हा शब्द मराठीत रुळला. २०२३ च्या अखेरीस राज्याने आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवून ते लोकवर्गणीवर सोडले गेले. वर्गणीने रोडगे होतात, हे आमच्या गावांना चांगलेच ठाऊक आहे. मात्र ते वर्षातून एकदा होतात, आणि खिचडी रोज शिजवावी लागते.